टेम्स नदीवरील रात्रीचें भोजन

आजच्या भाषणाचा विषय वरवर पाहतां केवळ करमणुकीचा वाटेल. लंडन शहराच्या मधून वाहणाऱ्या टेम्स नदीवर सायंकाळीं भोजनाच्या बोटी निघतात. वेस्टमिन्स्टरच्या अथवा टॉवरच्या धक्क्यावर मंडळी बोटींत चढतात. कांचेच्या तावदानांआड मेजें मांडलेलीं असतात. वाद्यांचे सूर सुरू होतात आणि बोट पुलामागून पूल ओलांडीत संथपणें सरकूं लागते. पार्लमेंटची इमारत, सेंट पॉलचा घुमट, मधोमध उघडणारा टॉवरचा पूल आणि पाण्यावर हेलकावणारीं दिव्यांचीं प्रतिबिंबें पाहत पाहत दोन-तीन तासांत भोजन आटोपतें. इतक्या सुखाच्या गोष्टींत इतिहास तो कसला, असें कोणी म्हणेल. परंतु मला वाटतें, सुखाच्या गोष्टीलाच इतिहासानें दोन प्रश्न आवर्जून विचारले पाहिजेत. हें सुख कोणाला मिळालें, आणि त्याची किंमत कोणीं दिली? टेम्सच्या बाबतींत या दोन प्रश्नांचीं उत्तरें एक नाहींत, हेंच मला आज सांगावयाचें आहे.

प्रथम नदीचा स्वभाव ध्यानांत घेऊं. लंडन समुद्रापासून बरेंच आंत असलें, तरी टेम्स तेथें अजून खाडीच आहे. दिवसांतून दोनदां भरती येते, दोनदां ओहोटी लागते, आणि मोठ्या उधाणाच्या दिवशीं पाणी सात मीटरपर्यंत वरखालीं होतें. १७५० सालीं वेस्टमिन्स्टरचा पूल खुला झाला. तोंपर्यंत शहराच्या मुख्य वस्तींत लंडन ब्रिज हा एकच पूल होता. त्याच्या अरुंद कमानींतून ओहोटीचें पाणी असें उसळत असे कीं, शहाणा उतारू पुलाच्या अलीकडे उतरे, पायीं पलीकडे जाई आणि पुन्हां नावेंत बसे. रस्ते चिंचोळे व चिखलाचे असल्यामुळें नदी हाच लंडनचा राजमार्ग होता, आणि नावाड्यांचें प्रस्थ एवढें होतें कीं, त्यांचे दर बांधून देण्यासाठीं पार्लमेंटला १५१४ सालींच कायदा करावा लागला.

या नदीवरील सर्वांत प्रसिद्ध सहल १७ जुलै १७१७ रोजीं झाली. राजा पहिला जॉर्ज हा सायंकाळीं आठच्या सुमारास व्हाइटहॉल येथें आपल्या नौकेंत बसला. भरतीचा जोर असल्यामुळें वल्हीं मारण्याचें कारणच पडलें नाहीं. नौका आपोआप चेल्सीकडे चालली. शेजारच्या नौकेंत सुमारें ५० वादक होते, आणि ते हँडेल यानें या प्रसंगासाठीं रचलेलें संगीत वाजवीत होते. राजाला तें इतकें आवडलें कीं, जातां-येतां मिळून त्यानें तें तीन वेळां वाजवावयास लाविलें. चेल्सी येथें रात्रीचें भोजन झालें आणि मंडळी उत्तररात्रीं परतली. 'वॉटर म्यूझिक' या नांवानें तें संगीत अद्याप जगभर ऐकिलें जातें. येथें एक बारीक गोष्ट टिपून ठेवण्याजोगी आहे: राजासुद्धां जेवला तो काठावर उतरून. नदी ही त्या काळीं जाण्यायेण्याची वाट होती. तीवर मेज मांडण्याची कल्पना अजून दूर होती.

आगबोटींनीं हें चित्र पालटलें. १८१५ सालीं लंडन व ग्रेव्हजएंड यांच्या दरम्यान आगबोट धांवूं लागली, आणि पुढील दोन पिढ्यांत कारकून, दुकानदार व कारागीर यांच्या कुटुंबांनाही नदीवरील सहल परवडूं लागली. थोरामोठ्यांची तऱ्हा निराळी होती. ग्रीनिच येथील खाणावळींत 'व्हाइटबेट' नांवाचे इवलेसे मासे अख्खे तळून वाढीत. १८३७ सालीं बांधलेली ट्रॅफल्गार ही त्यांपैकीं एक खाणावळ आजही पाण्याच्या कडेला उभी आहे. पार्लमेंटचें अधिवेशन संपत आलें म्हणजे खुद्द प्रधानमंडळ नदीमार्गानें ग्रीनिचला जाई आणि राज्यकारभाराचा शीण या माशांच्या मेजवानीनें घालवी. हे मासे म्हणजे एक स्वतंत्र जात आहे अशी त्या काळची समजूत होती. तीं हेरिंग व स्प्रॅट या माशांचीं पिलें होत, हें मागाहून ठरलें.

परंतु प्रधानमंडळ ज्या नदीवरून जेवावयास जात होतें, तींतच सगळ्या लंडनचीं गटारें रिकामीं होत होतीं. घरोघर पाण्याचे संडास आले, शहराची वस्ती झपाट्यानें वाढली, आणि सारा मैला नदींत येऊं लागला. ओहोटीबरोबर तो खालीं जाई व भरतीबरोबर पुन्हां शहरांत परत येई. याच नदीचें पाणी कित्येक वस्त्यांना पिण्यासाठीं मिळत असे. १८४८-४९ च्या पटकीच्या सांथींत लंडनमध्यें सुमारें १४ हजार माणसें मेलीं. १८५३-५४ मध्यें आणखी १० हजारांवर मेलीं. डॉक्टर जॉन स्नो यांनीं १८५४ सालीं रोगाचा संबंध पिण्याच्या पाण्याशीं जोडून दाखविला. १८५५ सालीं मायकेल फॅरडे या थोर शास्त्रज्ञानें आगबोटींतून जातांना पांढऱ्या कागदाचे तुकडे पाण्यांत सोडून पाहिले. ते एक इंच बुडण्यापूर्वींच दिसेनासे झाले. त्यानें ही हकीगत 'टाइम्स' पत्रास लिहून कळविली. तरीही कांहीं हाललें नाहीं.

हाललें तें १८५८ च्या उन्हाळ्यांत. त्या वर्षीं उष्मा असह्य झाला, नदीचें पाणी खालीं गेलें आणि दुर्गंधि पार्लमेंटच्या दालनांत शिरली. खिडक्यांचे पडदे चुन्याच्या क्लोराइडांत भिजवून टांगले, तरी सभासदांना बसवेना. मग मात्र विधेयक मांडल्यापासून अवघ्या १८ दिवसांत त्याचा कायदा झाला. हजारों गरिबांच्या मरणानें जें काम झालें नव्हतें, तें कांहीं शें सभासदांच्या नाकानें केलें. चाळीस वर्षें वर्गांत इतिहास शिकवितांना असे प्रसंग मला निरनिराळ्या देशांच्या इतिहासांत भेटले; परंतु याच्याइतका उघडावाघडा क्वचितच.

काम सोंपविण्यांत आलें तें जोसेफ बॅझलजेट या स्थापत्यविशारदाकडे, आणि त्यानें तें उत्तम केलें, हें कृतज्ञतेनें सांगितलें पाहिजे. जुनीं गटारें सरळ नदीकडे उतरत होतीं. बॅझलजेटनें नदीला समांतर अशीं सुमारें ८२ मैल लांबीचीं मोठीं विटांचीं गटारें बांधून वाटेंतच त्यांचें पाणी अडविलें व तें शहराबाहेर पूर्वेकडे नेलें. नदीकांठचा व्हिक्टोरिया बांध १८७० सालीं खुला झाला. त्याच्या पोटांतून यांतील एक मोठें गटार जातें. आज भोजनाला निघालेली मंडळी वेस्टमिन्स्टरच्या ज्या धक्क्यावर बोटींत चढतात, तो या बांधालाच लागून आहे. पटकी लंडनमधून हटली याचें फार मोठें श्रेय या कामाला आहे.

तथापि त्यांत एक उणीव राहिली. मैला शहरापुढून हालला, पण नाहींसा झाला नाहीं. उत्तर तीरावर बार्किंगजवळ आणि दक्षिण तीरावर क्रॉसनेस येथें तो साठवून ओहोटीच्या वेळीं जसाच्या तसा नदींत सोडीत. पार्लमेंटपुढील पाणी निवळलें. खालच्या अंगाचें बिघडलें. आणि सामान्य लोकांच्या सहलीच्या बोटी त्याच खालच्या अंगानें जात-येत होत्या.

३ सप्टेंबर १८७८ हा दिवस मंगळवार होता. 'प्रिन्सेस अ‍ॅलिस' नांवाची, दोन्ही बाजूंस चाकें असलेली आगबोट लंडनहून शीरनेसपर्यंत सहलीस गेली होती. चांदण्यांतील सफर म्हणून तिची जाहिरात झाली होती. परततांना ग्रेव्हजएंडजवळच्या रोशरव्हिल बागेंत दिवस घालविलेलीं कुटुंबें तींत चढलीं. बायका, तान्हीं मुलें, फराळाचे डबे, वाद्यांचें पथक असा सगळा थाट होता. सायंकाळीं पावणेआठच्या सुमारास गॅलियन्स रीच या वळणावर समोरून 'बायवेल कॅसल' हें लोखंडी कोळसावाहू जहाज आलें. समोरासमोर येणाऱ्या जहाजांनीं एकमेकांस डाव्या हाताला ठेवून जावें असा नियम होता. परंतु ओहोटीचा जोर चुकविण्यासाठीं वळणावर किनारा धरून जाण्याची जुनी वहिवाटही चालू होती. नियम आणि वहिवाट यांच्या घोंटाळ्यांत तें जहाज सहलीच्या बोटीच्या अंगांत घुसलें. बोट दुभंगली व चार मिनिटांत बुडाली.

९०० हून अधिक उतारू नेण्याचा परवाना असलेल्या त्या बोटीवर जीवरक्षक होड्या होत्या दोन आणि तरंगकडीं होतीं १२. थोड्याच उतारूंना पोहतां येत होतें, आणि त्या काळच्या जड झग्यांत बायकांना हातपाय हलविणेंही अशक्य होतें. त्यांतच सुमारें तासाभरापूर्वीं दोन्हीं तीरांवरील मैल्याचीं दारें उघडलीं गेलीं होतीं. माणसें पडलीं तीं अशा पाण्यांत. ज्यांना वर काढलें, त्यांपैकींही कांहीं पुढील दिवसांत दगावलीं. बोटीवर किती जण होते याची यादीच नसल्यामुळें मृतांचा आकडा आजही ६०० ते ७०० असाच सांगावा लागतो. सुमारें १२० प्रेतांची ओळख पटली नाहीं. त्यांना वुलिच येथें पुरण्यांत आलें. त्यांच्या स्मारकाचा दगडी क्रूस १८८० सालीं उभा राहिला, तो २३ हजारांहून अधिक लोकांनीं दिलेल्या सहा-सहा पेन्सांच्या वर्गणींतून. नौकान्यायालयानें दोन्हीं जहाजांना दोषी धरलें.

यानंतर विचार बदलूं लागला. मैला नुसता दूर सोडून भागत नाहीं, तो निवळवावा लागतो, हें पटलें; आणि १८८७ पासून गाळ वेगळा करून जहाजांनीं समुद्रांत नेण्यास आरंभ झाला. तोही अर्धाच उपाय होता. समुद्रांत गाळ टाकणें १९९८ मध्यें थांबलें. मध्यंतरीं शहर आणखी वाढलें, महायुद्धांत गटारांची हानि झाली, आणि १९५७ सालीं निसर्गेतिहासाच्या संग्रहालयांतील तज्ज्ञांनीं लंडनमधील टेम्स जीवशून्य झाल्याचा निर्वाळा दिला. पुढें शुद्धीकरणाचीं मोठीं कामें झालीं. १९७४ सालीं नदींत पुन्हां सॅमन मासा सांपडला, तेव्हां शहराला हर्ष झाला. बॅझलजेटचीं गटारें मुसळधार पावसांत अजूनही तुंबून नदींत वाहत असत. त्यासाठीं २५ किलोमीटर लांबीचा नवा बोगदा २०२५ सालीं पूर्णपणें कामाला लागला.

पाणी सुधारलें, सावधगिरीचें काय? २० ऑगस्ट १९८९ च्या उत्तररात्रीं 'मार्शिओनेस' नांवाच्या लहान बोटीवर एका तरुणाच्या वाढदिवसाचा समारंभ चालला होता. बोटीवर सुमारें १३० माणसें होतीं, बहुतेक तरुण. सदर्क पुलाजवळ, म्हणजे भर शहरांत, समुद्रतळाची वाळू-खडी उपसणारें 'बोबेल' नांवाचें जहाज मागून आलें व त्यानें या बोटीला बुडविलें. अर्ध्या मिनिटांत ती पाण्याखालीं गेली आणि ५१ जण मृत्यु पावले. दोन्हीं जहाजांवरून नीट पाहिलें जात नव्हतें, हा तपासाचा मुख्य निष्कर्ष. एका जहाजाच्या सुकाणूवाल्याला पुढचें धड दिसत नव्हतें, दुसऱ्याच्याला मागचें. मृतांच्या आईबापांना जाहीर चौकशी हवी होती. ती मिळावयास १० वर्षांहून अधिक काळ झगडावें लागलें. न्यायमूर्ति क्लार्क यांच्या चौकशीनंतर २००२ च्या जानेवारींत टेम्सवर प्रथमच जीवरक्षक होड्यांचीं चार ठाणीं सुरू झालीं. समुद्रावर १८२४ पासून बुडत्यांना वांचविणारी संस्था राजधानीच्या नदीवर इतक्या उशिरा आली. तिचें 'टॉवर' नांवाचें ठाणें पुढें देशांतील सर्वांत अधिक धांवपळीचें ठाणें ठरलें.

श्रोते हो, हें सारें सांगण्यांत कोणाच्या ताटांत माती कालविण्याचा माझा हेतु नाहीं. दिवसभर कष्टलेल्या माणसानें सायंकाळीं आपल्या कुटुंबासह नदीवर बसून दोन घांस सुखानें खावे, यासारखी रास्त इच्छा दुसरी नाहीं. प्रिन्सेस अ‍ॅलिसवरील मंडळींचीही तीच इच्छा होती. राजा जॉर्जला जें सुख काठावर उतरून घ्यावें लागलें, तें आज एका सामान्य गृहस्थाला भर प्रवाहांत मिळतें, हें शंभर राजवाड्यांपेक्षां मोठें वैभव आहे. परंतु तें मिळतें याचें कारण असें कीं, पाणी निवळलेलें आहे, सुकाणूवाल्याची नजर मोकळी आहे आणि नदीवर एक होडी रात्रंदिवस सज्ज आहे. यांतील प्रत्येक गोष्ट कोणाच्या तरी मरणानंतर आली. आणि मरणारे बहुधा ते नव्हते, ज्यांच्या हातीं ती आधीं करणें होतें.

बोट धक्का सोडतांना संकटकाळच्या सूचना सांगतात. भुकेला माणूस त्या कंटाळून ऐकतो. माझी विनंति एवढीच कीं, कोणत्याही नदीवर, कोणत्याही बोटींत असाल, तेव्हां त्या सूचना शांतपणें ऐकाव्या, आपल्या मुलांना ऐकवाव्या, आणि तरंगकडीं कोठें ठेविलीं आहेत तें डोळ्यांनीं पाहून मगच पानावर बसावें. वुलिचच्या त्या अनाम १२० जणांचें श्राद्ध यापरतें चांगलें करतां येणार नाहीं.