कराटे नेमकं किती जुनं?

दिवाळीत मामांकडे एकोडीला गेलो होतो. सकाळी अंगणात माझा काता चालला होता. काता म्हणजे ठरलेल्या क्रमाने, समोर शत्रू आहे असं समजून एकट्यानेच केलेली झटापट. मामा बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "आपल्या दंड-बैठका सोडून हे जपानी लोकाइचं कायले करतेस रे?"

मी ऐटीत ठोकून दिलं, "हजारो वर्षांची परंपरा आहे, मामा!"

पुण्याला परत आल्यावर शनिवारी वाचायला बसलो आणि तोंडावर आपटलो!

झालं असं, की कराटे मुळात ओकिनावा बेटावरचं. हे बेट जपानने रीतसर ताब्यात घेतलं ते १८७९ साली. कराटे या शब्दाचा तेव्हाचा अर्थ 'चिनी हात', कारण विद्येचा बराच भाग चीनमधून आलेला. पुढे आन्को इतोसु यांनी ती शाळेत नेली. मुलांना झेपावेत म्हणून सोपे, छोटे काता बसवले. मी अंगणात करत होतो तो त्यांतलाच, २१ हालचालींचा! १९०८ च्या पत्रात त्यांनी कराटेचे फायदे सांगितले आहेत. त्यात शरीर आणि मन आहेच, पण 'सैन्याला चांगले जवान मिळतील' हेही आहे. ते वाचून जरा थबकलो.

१९२२ मध्ये गिचिन फुनाकोशी हे शाळामास्तर कराटे घेऊन टोकियोला गेले. पांढरा पोशाख, पट्टे हे सगळं ज्युदोकडून उचललेलं. आणि २५ ऑक्टोबर १९३६ ला नाहा शहरात जमलेल्या गुरूंनी नाव लिहिण्याची पद्धतच बदलली. उच्चार तोच, अर्थ मात्र 'रिकामा हात'. चीनचं नाव तेव्हाच्या जपानमध्ये कुणाला हवं होतं?

गंमत म्हणजे त्याच वर्षी, १९३६ मध्येच, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मुलं बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवून आली. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये सुरू केलेलं हे मंडळ. म्हणजे तिकडे ओकिनावा, इकडे वऱ्हाड, दोन्हीकडे तालमीतली विद्या कवायतीच्या रांगेत उभी राहत होती. (आमच्या भाषेत रिफॅक्टरिंग.)

मग मी जे करतो ते खोटं का? मला नाही वाटत. रात्री दोनला सर्व्हर बसलेला असताना, ज्युनियरवर ओरडण्याआधी माझा श्वास आपोआप पोटात उतरतो, तो या २१ हालचालींमुळेच. परंपरेचं वय विचारून तो उतरत नाही.

रविवारी मामांना फोन करून कबुली दिली. "शंभर-सव्वाशे वर्षांचंच निघालं, मामा."

"असू दे ना," मामा म्हणाले. "पन तुहा मागचा पाय कच्चा हाय. बैठका मार."