पदवी पेटीत ठेवायची का?

मी सातवी शिकलेली. माझी मुलगी यंदा विलिंग्डन महाविद्यालयातून बी. एस्सी. झाली. सांगली-मिरज रस्त्यावरचे हे महाविद्यालय १९१९ सालचे. निकाल लागला आणि स्थळे येऊ लागली. एका घरच्यांनी विचारले, "लग्नानंतर नोकरी करणार नाही ना?" आमचे हे माझ्याकडे पाहू लागले.

मला कमलाबाई सोहोनी आठवल्या. दुर्गाबाई भागवतांच्या या धाकट्या भगिनी १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्सी. झाल्या. बंगळूरच्या विज्ञानसंस्थेने बाईमाणूस म्हणून प्रवेश नाकारला. पण त्यांनी तो हट्टाने मिळवलाच. १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट घेतली. १९४७ साली लग्न झाले, मुंबईत संसार थाटला. तरी प्रयोगशाळा सुटली नाही. तेथे विद्यार्थी घडवले, नीरेच्या पोषक गुणांवर संशोधन केले. त्या कामाला राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले.

मी पाहुण्यांना म्हणाले, "ते तिलाच विचारा." मुलगी म्हणाली, "करणार." ते स्थळ गेले. चार दिवस घरात अबोला होता. मला मात्र पश्चात्ताप झाला नाही. पेटीत शालू ठेवावा. पदवी ठेवू नये, एवढेच मला कळते.