वॉर्साचा राजवाडा

पोलंडच्या राजांचे राजधानीतील पूर्वीचे निवासस्थान, सध्या संग्रहालय. व्हिस्चुला नदीच्या उंच काठावर, जुन्या शहराच्या तोंडाशी ही पंचकोनी वास्तू आहे. समोरच्या चौकात झिग्मुंट तिसरा वासा याचा १६४४ सालचा स्तंभ आहे. यानेच दरबार क्राकूफहून येथे आणला आणि जुना गढीवजा वाडा वाढवून घेतला. संसदही येथेच भरे. ३ मे १७९१ रोजी सिनेट दालनात मंजूर झालेले संविधान युरोपातील पहिले आधुनिक लिखित संविधान मानले जाते.

१७ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मन तोफांच्या माऱ्यात वाडा पेटला. वाड्याचे अभिरक्षक काझिमिएझ ब्रोक्ल त्याच दिवशी मारले गेले. राष्ट्रीय संग्रहालयाचे संचालक स्तानिस्वाफ लोरेन्त्स यांच्या पुढाकाराने चित्रांबरोबरच दारांच्या चौकटी, लाकडी तावदाने, भिंतींवरील नक्षीचे तुकडेही काढून नेण्यात आले. पुढे जर्मनांनी भिंतींत सुरुंगांसाठी भोके पाडून ठेवली आणि १९४४ मध्ये वाडा उडवून दिला.

उभारणीचा निर्णय १९७१ मध्ये झाला. पैसा लोकवर्गणीतून आला. परदेशस्थ पोलिश लोकांनीही हातभार लावला. वाचवलेले तुकडे शक्य तेथे मूळ जागी बसवले गेले. मनोऱ्यावरील घड्याळ १९३९ च्या आगीत सव्वाअकराला थांबले होते. १९ जुलै १९७४ रोजी ते त्याच वेळेला पुन्हा सुरू करण्यात आले. दालने १९८४ पासून लोकांना खुली झाली.

या इमारतीला निव्वळ नक्कल म्हणणे अन्यायाचे आहे. सोनेरी मुलाम्याने दिपून न जाता जुना दगड आणि नवा दगड यांतला सांधा शोधत फिरावे. वाडा खरा तेथेच कळतो. कानालेत्तो दालनाला मात्र निवांत वेळ द्यावा. शेवटचा राजा स्तानिस्वाफ ऑगस्ट याचा दरबारी चित्रकार बेर्नार्दो बेलोत्तो (यालाही कानालेत्तो म्हणत) याने रंगवलेली वॉर्साची दृश्ये येथे आहेत. त्यांत घरांच्या खिडक्या, कोनाडे, कौले इतक्या बारकाईने टिपली आहेत की महायुद्धानंतर जुने शहर उभारताना स्थापत्यकारांनी त्यांचा आधार घेतला. रेम्ब्रांटची दोन चित्रेही संग्रहात आहेत. कारोलिना लान्त्स्कोरोन्स्का यांनी ती १९९४ मध्ये दान केली.