नळजालातील दाबस्पंदने
दट्ट्याचा कॉम्प्रेसर वायू सलग नव्हे, ठोक्याठोक्याने ढकलतो. त्यामुळे पाइपातला दाब सतत वर-खाली होतो. मिनिटाला ६०० फेरे घेणाऱ्या, दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या यंत्रात मुख्य ठोका सेकंदाला २० वेळा पडतो. वायूतील ध्वनिवेग सेकंदाला ४०० मीटर असेल, तर टोक बंद असलेली ५ मीटरची शाखा नेमक्या याच वारंवारतेला अनुनाद देते. खरा धोका इथेच आहे: वाढलेल्या स्पंदनांनी पाइप थरथरतो आणि बारीक जोडनळ्यांचे वेल्ड थकव्याने तडकतात. काट्याचा प्रेशर गेज ही स्पंदने टिपू शकत नाही. दाबविद्युत सेन्सर लागतो, तोही पाइपाच्या भिंतीलगत. लांब नळीवर बसवल्यास ती नळीच अनुनादून मोजमाप बिघडवते. उपाय म्हणून सिलिंडरलगत स्पंदनशामक टाकी आणि तिच्या तोंडाशी ओरिफिस प्लेट बसवतात, मात्र प्लेटमुळे थोडा दाब कायमचा खर्ची पडतो. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या ६१८ क्रमांकाच्या मानकात स्पंदनांच्या मर्यादा दिलेल्या आहेत.