नांगर, खबर आणि एक्सेलची शीट

दोन वर्षांपूर्वी मी एका छोट्या कंपनीत कामाला होते. कंपनी फवारणीचे पंप विकायची आणि मी त्या पंपांबद्दल लिहायचे. दर सोमवारी एक आकडा द्यावा लागे : आठवड्यात किती लोकांनी प्रतिसाद दिला. ऑगस्टमधल्या एका सोमवारी आकडा चांगलाच वाढला. शाबासकी मिळाली.

दुपारी डबा खाताना ते प्रतिसाद पहिल्यांदाच नीट वाचले. त्यातले चार एकाच शेतकऱ्याचे होते. ‘पंप गळतोय.’ ‘फोन कुणाला करू?’ ‘फवारणी थांबलीय.’ चौथ्यात नुसता पंपाचा फोटो. आमच्या एक्सेलमध्ये ही तक्रार ‘प्रतिसाद : ४’ म्हणून जमा झाली होती. माझ्या शाबासकीत तीही होती.

शेजारच्या टेबलावर आमचे हिशेबनीस बसायचे, निवृत्तीला आलेले. त्यांनी शीट पाहिली आणि म्हणाले, “पोरी, हे रोजकीर्दीत आलंय, खतावणीत गेलेलंच नाही.”

तुमच्यापैकी अनेकांप्रमाणे मलाही हे शब्द फक्त ऐकून माहीत होते. रोजकीर्द म्हणजे दिवसभरात जे घडलं ते घडलं त्या क्रमाने लिहिण्याची वही. खतावणी म्हणजे त्याच नोंदी प्रत्येकाच्या खात्यावर नेऊन मांडणं. कुणाचं येणं, कुणाचं देणं, हे खतावणीतच कळतं. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडीत लिहिलेल्या रोजकीर्दी आजही आहेत. म्हणजे ‘डेटा’ हा शब्द नवा असला, तरी तो सांभाळायची शिस्त आपल्याकडे जुनीच आहे. आमच्या शीटमध्ये सगळ्या नोंदी होत्या. फक्त ‘या माणसाला आपण उत्तर देणं लागतो’ हे खातं नव्हतं.

त्या रात्री मी किर्लोस्करांबद्दल वाचायला बसले. कारण साधं होतं : शेतकऱ्याला यंत्र विकणारी आणि त्याच्यासाठी लिहिणारी मराठी कंपनी म्हटली की तेच नाव आठवतं.

लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावात सायकली विकायचे. मग कडबा कापायचं यंत्र आलं आणि १९०३च्या सुमारास लोखंडी नांगर. नांगर चांगला होता, पण घेईना कुणी. लोखंडाने जमिनीत विष भिनतं, असा समज होता. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली, असं सांगतात. मला वाटतं, इथे ‘आमचा नांगर मजबूत आहे’ अशी जाहिरात करून काही झालं नसतं. शेतकऱ्याची शंका मजबुतीबद्दल नव्हतीच, मातीबद्दल होती.

पुढे बेळगावातली जागा सोडायची वेळ आली. औंधच्या राजांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा निवडुंगाचा माळ दिला आणि १९१०मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. दहा वर्षांनी, १९२०मध्ये, याच वाडीतून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागलं. संपादक होते लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव, म्हणजे शं. वा. किर्लोस्कर. हा माणूस मुळात चित्रकार.

कंपनीने मासिक काढायची कल्पना जगाला नवी नव्हती. अमेरिकेत मोलिन गावच्या डिअर अँड कंपनीने १८९५मध्येच शेतकऱ्यांसाठी ‘द फरो’ सुरू केलं होतं. फरो म्हणजे नांगराची तास. गंमत अशी की तीही नांगरवालीच कंपनी, आणि ते मासिक अजून निघतं.

‘खबर’ची गोष्ट मात्र वेगळ्या वळणाने गेली. सुरुवातीला त्यात कारखान्याची आणि मालाची माहिती असे. हळूहळू वाचकाचं आयुष्य त्यात शिरलं : उद्योग, विज्ञान, कथा, समाजसुधारणा. पुढे नावातली ‘खबर’ गळली आणि नुसतं ‘किर्लोस्कर’ उरलं. १९३०मध्ये ‘स्त्री’ आलं, १९३४मध्ये ‘मनोहर’. नांगराच्या कारखान्यातून निघालेलं मासिक बायकांच्या शिक्षणाबद्दल, लग्नाबद्दल, हक्कांबद्दल बोलू लागलं. त्याच ‘स्त्री’त विद्या बाळ अनेक वर्षं होत्या, संपादकही झाल्या. तिथून बाहेर पडल्यावर त्यांनी १९८९मध्ये ‘मिळून साऱ्याजणी’ सुरू केलं.

याने नांगर किती जास्त खपले? हा आकडा कुठल्या सोमवारी कुणी मागितला असता, तर शंकररावांनी काय दिला असता, असा प्रश्न मला पडला. ‘स्त्री’ वाचणारी बाई काही नांगर घेणार नव्हती. तरी तिच्यासाठी अंक निघत राहिला. तिला वाचक मानलं होतं, गिऱ्हाईक नाही. एवढा फरक माझ्या शीटमध्ये मावत नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी त्या शेतकऱ्याला फोन लावला. माफी मागितली, सुटा भाग पाठवते म्हणाले. ते शांतपणे म्हणाले, “ताई, पाठवा. पण अळी थांबत नसते. शेजाऱ्याचा पंप मागून निम्मं रान फवारलं. निम्मं गेलं.”

यावर बोलायला माझ्याकडे काही नव्हतं.

हिशेबनीसांच्या मदतीने मी शीटमध्ये तीन रकाने वाढवले : कोणी विचारलं, काय विचारलं, उत्तर कधी दिलं. एका माणसाचे चार मेसेज आता चार मोजले जात नव्हते, एक उघडी तक्रार म्हणून दिसत होते. पुढच्या सोमवारी प्रतिसादाचा आकडा खाली आला. कारण विचारलं गेलं. मी नवे रकाने दाखवले. त्यात अकरा नावांसमोर शेवटचा रकाना कोरा होता.

त्या आठवड्यात पंपाची जाहिरात लिहिली नाही. गळणाऱ्या पंपाचा वॉशर घरच्या घरी कसा बदलायचा, ते लिहिलं. आणि त्या अकरा जणांना एकेक करून फोन केले.