पळालास, म्हणजे कळत होतं

सँडहर्स्ट रोड स्टेशनवर उतरा आणि उमरखाडीकडे चालू लागा. डोंगरीचं रिमांड होम कुठे, असं विचारलंत की पानवालाही बोटानं दाखवतो. उंच दगडी भिंत. तिच्यावर तळहात टेकवा आणि टॅक्सींचे हॉर्न विरेपर्यंत तसेच थांबा.

१८८२ चा पावसाळा. भिंत हीच, पण आत तुरुंग आहे. तुम्ही अकरा वर्षांचे आहात.

कुलाब्याच्या वखारींबाहेर सांडलेला कापूस वेचून विकायचा, हा तुमचा धंदा. परवा वेचत बसण्याऐवजी अख्खं गाठोडंच उचललंत. शिपाई ओरडला, तसं ते टाकून धूम ठोकलीत. आता पोलीस कोर्टात उभे आहात, आणि साहेब इंग्रजीत जे बोलतो ते दुभाषा तुमच्याकडे फेकतो आहे.

"पळालास का?"

"मारतील म्हणून."

दुभाष्यानं त्याचं इंग्रजी काय केलं कोण जाणे. साहेबानं मान हलवली आणि लिहिलं.

त्याच्या टेबलावर १८६० ची दंडसंहिता आहे. सात वर्षांच्या आतलं पोर काहीही करो, तो गुन्हा नाही. सात ते बारा या वयातल्याला सूट आहे, पण आपण काय करतोय आणि त्यातून पुढं काय होईल, हे उमगण्याइतकी समज त्याला आली नसेल तरच. बारा उलटली की जबाबदारी थोरामोठ्यांइतकीच. तुम्ही अकराचे. पण तुम्ही पळालात. पळालात म्हणजे कळत होतं. त्या एका पळण्यानं तुम्ही मोठे झालात. उभे राहिला असतात, तर कदाचित लहान ठरला असतात.

डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा १८५७ पासून मुंबईत आहे. १८६४ चा फटक्यांचा कायदाही आहे: कैदेऐवजी वेत, तेही पोरांना हलक्या हातानं, शाळेतल्यासारखे. यातलं तुमच्या वाट्याला काय यावं, ते साहेबाच्या मर्जीवर. आज मर्जी तुरुंगाची आहे.

याच भिंतीआड याच पावसाळ्यात दोन पदवीधर पुणेकर आहेत. कोल्हापूरच्या दिवाणांवर 'केसरी' आणि 'मराठा'त लिहिलं म्हणून टिळक आणि आगरकर इथं १०१ दिवस काढतील. आगरकर पुढं त्यावर पुस्तक लिहितील. तुम्हाला लिहिता येत नाही.

हात काढू नका. वर्षं भराभर जाऊ द्या. १९२४ मध्ये मुंबई इलाख्याला मुलांसाठी वेगळा कायदा मिळाला, १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी उभी राहिली, आणि कैद्यांची ही वास्तू पोरांची झाली. १९८६ च्या कायद्यानं मुलग्यांसाठी सोळा आणि मुलींसाठी अठरा ही बालपणाची रेघ आखली, २००० च्या कायद्यानं दोघांनाही अठरा. भिंतीची उंची मात्र कुणी कमी केली नाही.

आता दिल्लीला चला. डिसेंबर २०१२, थंडी, पाण्याचे फवारे. बसमधल्या त्या रात्रीच्या सामूहिक बलात्काराच्या आरोपींपैकी एकाला अठरा पूर्ण व्हायला काही महिने उरले होते. पुढच्या ऑगस्टमध्ये त्याला तीन वर्षं सुधारगृह मिळालं. कायद्यात त्याहून जास्त नव्हतंच. तुम्ही गर्दीत घोषणा देताय. खोटं कशाला बोलू, मीही दिल्या असत्या.

तो सुटला २० डिसेंबर २०१५ ला. दोनच दिवसांनी राज्यसभेनं नवं बाल न्याय विधेयक मंजूर केलं, तेव्हा बसमधल्या त्या मुलीचे आईवडील प्रेक्षक गॅलरीत होते. त्यांच्याकडे पाहून विरोधात मत देणं सोपं नव्हतं. मला मात्र तो कायदा दुःखाच्या भरात केलेला वाटतो. सोळा ते अठरा वयाच्या मुलानं, किमान सात वर्षांची शिक्षा असलेला घोर गुन्हा केल्याचा आरोप असेल, तर बाल न्याय मंडळानं आधी तपासायचं: हे करण्याची त्याची शारीरिक-मानसिक क्षमता होती का, परिणाम समजत होते का, परिस्थिती काय होती. त्यावरून त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालवायचा की नाही ते ठरणार. फाशी नाही, सुटकेची आशाच नसलेली जन्मठेप नाही, एकवीसपर्यंत मोठ्यांच्या तुरुंगातही नाही. एवढी दया ठेवली आहे. पण प्रश्न ओळखलात ना? साहेबाच्या टेबलावरचाच आहे. त्या वेळी तो अकराच्या पोराला विचारला होता, आता सतराच्या.

(पुण्यात मे २०२४ मध्ये दोघांना चिरडणाऱ्या महागड्या गाडीच्या सतरा वर्षांच्या चालकाला ३०० शब्दांच्या निबंधावर जामीन मिळाला, तेव्हा महाराष्ट्र खवळला. राग वयावर होता की गाडीच्या किमतीवर, हे आपलं आपल्याला विचारावं.)

परत डोंगरी. या वेळी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसा. तुम्ही मानसशास्त्रज्ञ आहात. मंडळानं तुमचा अहवाल मागवला आहे, आणि पहिल्या हजेरीपासून तीन महिन्यांत त्यांना निर्णय द्यायचा आहे. घटना पाच आठवड्यांपूर्वीची. त्या रात्रीचं त्याचं डोकं तुम्ही आज, पंख्याखाली, दीड तासात वाचायचं आहे.

समोर सतराचा मुलगा. भांडण झालं, खिशात चाकू होता, समोरचा मेला. हा पळाला नाही. पोलीस येईपर्यंत दुकानाच्या पायरीवर बसून राहिला. कागदपत्रांत कुणीतरी लिहून ठेवलंय: 'पश्चात्ताप दिसला नाही'.

"पळाला का नाहीस?"

"कुठं जाणार?"

तुम्ही पुढच्या रकान्यावर येता. परिणामांची जाण.

"आता पुढं काय होईल, माहीत आहे का तुला?"

तो बराच वेळ नखानं टेबलाचा पापुद्रा खरवडतो.

"मॅडम, सोमवारी प्रॅक्टिकल आहे. तोवर सोडतील ना?"