शनिवार तेल्यांचे तेल

परवा ज्येष्ठांच्या मोआदोनमध्ये चहा घेताना तेलाचा विषय निघाला. एकीला कुपत खोलीमच्या डॉक्टरांनी खोबरेल बंद करायला सांगितलेले, दुसरीच्या सुनेने घरात ऑलिव्हशिवाय दुसरे तेल ठेवलेले नाही, आणि तिसरी म्हणते, सोयाच्या तेलात वर्षे काढली, आता काय व्हायचे ते होवो. ऐकून आम्हांला हसू आले आणि थोडे वाईटही वाटले. ज्या समाजाला कोकणात गावोगाव तेली म्हणून ओळखत, त्याच समाजाच्या लेकी-सुना आज कोणते तेल घ्यावे म्हणून बाटलीवरची बारीक अक्षरे वाचत बसल्या आहेत!

'शनिवार तेली' हे नाव आपल्यापैकी पुष्कळांना आवडत नसे. मुंबईत शिकून कारकून, शिक्षक, डॉक्टर झालेल्या पिढ्यांनी ते मागेच टाकले. तेल्याला गावात मान नव्हता. सकाळी बाहेर पडताना तेली आडवा आला तर लोक अपशकुन मानीत. पण आपला इतिहास त्या नावातच आहे. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, ही कथा आपण सर्व लहानपणापासून ऐकत आलो. त्यांच्या वंशजांनी अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल, रोहे, म्हसळे, मुरूड या भागांत घाणे घातले. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली, शनिवारी बंद ठेवणारे आपण. हिब्रू विसरलो, ग्रंथ हरवले, पण शनिवारी बैल सोडून ठेवायचा हे विसरलो नाही. दहा आज्ञांत जनावरालाही विश्रांती सांगितली आहे. आपल्या पूर्वजांना त्या वाचता येत नव्हत्या, त्यांच्या बैलाला सुट्टी मात्र मिळत होती.

घाणा म्हणजे एक मोठे उखळ, त्यात उभी लाट, आणि ती फिरवणारा डोळे झाकलेला बैल. तिळात थोडे पाणी शिंपडून सावकाश मळत जायचे. तेल सुटले की ते काढून घ्यायचे, उरलेली पेंड गुरांना. पुष्कळदा गिऱ्हाईकच आपले तीळ आणून देई आणि तेल घेऊन जाई. एका खेपेला निघे थोडेच, आणि ते लवकर संपे. खाण्याला तिळाचे गोडे तेल आणि खोबरेल, दिव्याला उंडीचे किंवा करंजाचे कडू तेल. भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाण्याचे तेल आपल्या फोडणीत आले ते फार पुढे.

आपल्या स्वयंपाकाला तेल लागे त्याचे आणखी एक कारण होते. मांसाला तूप चालत नाही. म्हणून मटणाची फोडणी तेलात आणि रस्सा नारळाच्या दुधात, ही आपली जुनी रीत. पुढे १९३७ साली डालडा आला. तो दुधाचा नव्हता, तुपासारखा दिसे, स्वस्तही होता. त्याच साली हाईम शमुएल केहिमकरांचा १८९७ मध्ये लिहून झालेला बेने इस्राएलांचा इतिहास तेल अवीवला छापला गेला. घाण्याची हकीकत ग्रंथात गेली आणि स्वयंपाकघरात डबा आला, असे आम्ही गमतीने म्हणतो. हायड्रोजन घालून घट्ट केलेली असली चरबी हृदयाला किती वाईट, हे कळायला मात्र पुढे कित्येक वर्षे लागली.

जुन्या सणांची नावे आठवून पाहा: नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण, अनाशी ढाकायचा सण. यांत हनुक्का नाही. तेलाचा सण तेल्यांनाच ठाऊक नव्हता! तो आपल्याला इतर यहुदी बांधवांकडून नंतर कळला. आणि त्या सणाचे तेल ऑलिव्हचे, तिळाचे नव्हे. शब्बाथच्या दिव्याला फक्त ऑलिव्हचेच तेल घ्यावे, असे रब्बी तारफोन यांचे मत होते. तालमुदात सांगितले आहे की तेव्हा रब्बी योहानान बेन नुरी उठून उभे राहिले आणि त्यांनी विचारले, ज्यांच्याकडे तिळाशिवाय दुसरे तेल नाही त्या बाबेलच्या लोकांनी काय करावे? कोकणाचे नाव त्यांना कुठून माहीत असणार, पण प्रश्न आपलाच होता.

आता ऑलिव्हच्या देशात राहतो, तर त्याची वाटणी आम्ही घरी अशी केली आहे. रोजच्या भाजीला आणि सॅलडला ऑलिव्ह, बाटलीवर 'कातीत' लिहिलेले. मेनोराच्या तेलासाठी शेमोतच्या पुस्तकात हाच शब्द आहे, अर्थ कुटून काढलेले. स्पेनमध्ये हृदयविकाराचा धोका असलेल्या ७,४४७ लोकांवर केलेला अभ्यास २०१३ मध्ये छापला गेला. असे तेल किंवा बदाम-अक्रोड भरपूर असलेला आहार घेणाऱ्यांना हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात कमी आला. अभ्यासातल्या चुका दुरुस्त करून २०१८ मध्ये तो पुन्हा छापला, निष्कर्ष जवळजवळ तोच राहिला. मासळीच्या कालवणाला मात्र ऑलिव्हचा वास आम्हांला सोसत नाही. तिथे कनोला, किंवा मनच झाले तर चमचाभर तीळ. तिळाच्या तेलात संपृक्त चरबी सुमारे १४ टक्के, ऑलिव्हमध्येही साधारण तेवढीच, कनोलात त्याच्या निम्मी. खोबरेलात ८० टक्क्यांहून जास्त. म्हणून मैत्रिणीच्या डॉक्टरांचे बरोबरच आहे, जिभेला कितीही वाईट वाटो. खोबरेल सणापुरते.

तेल कोणतेही घ्या, मोठ्या चमच्यात सुमारे १२० कॅलरी असतातच. बाटली लहान घ्यावी, उन्हापासून आणि गॅसपासून लांब ठेवावी, जुनाट वास आला की टाकावी. पुऱ्या तळून उरलेल्या तेलात दुसऱ्या दिवशी पुन्हा तळू नये. आजीला हे कुणी सांगितलेले नव्हते, पण तीही ते कढईत परत घेत नसे. गाळून घेई आणि ओसरीवरच्या दिव्यात घाली.